‘मी’ म्हणजे कोण?
पवित्र शास्त्रातील पात्रांच्या मुखाने कविता लिहिणे व म्हणणे



२ शमुवेलाच्या चौदाव्या अध्यायात एक बाई राजापुढे येऊन दंडवत घालते. योवाबाने तिला तकोवा गावाहून मुद्दाम बोलावून आणलेले असते. सुतकी वस्त्रे घाल, अंगाला तेल लावू नकोस, मृतासाठी पुष्कळ दिवस शोक करणाऱ्या बाईसारखी दीस, असे त्याने तिला शिकवलेले असते; आणि काय बोलायचे ते शब्दही त्यानेच तिच्या मुखात घातलेले असतात. ती विधवा होऊन बोलते. दोन मुलगे होते, शेतात भांडले, एकाने दुसऱ्याला मारले, आता भाऊबंद उरलेल्याचाही जीव मागत आहेत. दावीद हेलावतो, तिच्या मुलाच्या केसालाही धक्का लागणार नाही असे शपथपूर्वक सांगतो, आणि मग ती बाई त्या न्यायाचे टोक हळूच अबशालोमाकडे, म्हणजे राजाच्या स्वतःच्या हद्दपार मुलाकडे, वळवते. राजाला संशय येतो. यात योवाबाचा हात आहे काय, असे तो विचारतो. ती नाकारीत नाही.

वेष, ठरवलेले शब्द, समोर बसलेला श्रोता, आणि जी आपण नव्हे तिचा ‘मी’ उच्चारणे, हे सारे या एका प्रसंगात आहे. आज आपल्या तरुण संघांतून ‘स्पोकन वर्ड’ या नावाने जे चालते, त्याचा एक प्रकार नेमका हाच आहे. कवी स्वतःच्या नावाने न बोलता दुसऱ्या कोणाच्या तरी मुखाने बोलतो, आणि ती कविता कागदावर वाचण्यासाठी नव्हे, उभे राहून ऐकविण्यासाठी असते. मी तिला या लेखात ‘पात्रमुखी कविता’ म्हणेन. शिकागो शहरात १९८६ सालापासून अशा उच्चारित कवितेच्या स्पर्धा भरू लागल्या आणि तेथून हे वारे जगभर पसरले हे खरे. पण वस्तू त्याहून फार जुनी आहे. चौथ्या शतकातील मार एफ्राइमाने सिरियाक भाषेत गीते रचली आणि ती स्त्रियांच्या गायकवृंदाकडून गाववून घेतली. केरळातील आपल्या सिरियन बांधवांना हे नाव सांगायला नको. त्याच परंपरेत शास्त्रातील पात्रे एकमेकांशी बोलतात अशी संवादगीते वाढली. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपल येथे रोमानोस याने वधस्तंभाकडे जाणारा पुत्र आणि त्याची माता यांचे बोलणे गाण्यात बांधले.

आपल्याकडे तर हे घरचेच आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडे आठवा. आंधळा, मुका, बहिरा, जोशी, वासुदेव, गोंधळी, महार अशा किती जणांच्या तोंडून ती बोलतात, आणि भारूड वाचायचे नसते, सोंग घेऊन उभे करायचे असते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ‘दिवाकर’ या नावाने लिहिणाऱ्या शंकर काशीनाथ गर्गे यांनी ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी कवितांपासून स्फूर्ती घेऊन मराठीत नाट्यछटा आणली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाठ केली असेल. तेव्हा ‘हे परकीय खूळ आहे’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना आपण निदान एवढे सांगू शकतो.

भाषांतरकाराला हा विषय जवळचा वाटण्याचे कारण वेगळे आहे. इब्री भाषेत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत भेद नाही. एकच क्रियापद दोघांना चालते. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. गीतरत्नाचे भाषांतर करताना प्रत्येक ओळीपाशी थांबावे लागते: हा वर बोलतो की वधू? विलापगीताच्या पहिल्या अध्यायात आरंभी कोणी तरी यरुशलेमेविषयी बोलत असतो, ती एकाकी बसली आहे, विधवेसारखी झाली आहे. आणि नवव्या वचनाच्या शेवटी, काही सूचना न देता, नगरी स्वतःच बोलू लागते. बाराव्या वचनापासून ती रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांना थांबवून आपले दुःख पाहायला सांगते. पुढे तिसऱ्या अध्यायात एक पुरुष ‘मी’ म्हणून उभा राहतो. ज्या कवीने हे लिहिले तो जळालेल्या नगरीबाहेर उभा राहून तिचे वर्णन करीत राहू शकला असता. त्याने तिला तोंड दिले. मराठीत ‘मी झाले’, ‘मी बसले’ असे लिहिताना हा बदल कानाला जाणवतो. या पाच अध्यायांपैकी पहिल्या चारांत इब्री बावीस अक्षरांच्या क्रमाने कडवी बांधलेली आहेत. एवढा मोठा आकांत एवढ्या काटेकोर मापात बसवलेला पाहिला, म्हणजे ‘भावना उत्कट असली की रचना आपोआप येते’ या समजुतीचे काय करायचे ते वाचकांनीच ठरवावे.

आता माझी एक चूक सांगतो, कारण या विषयात मी जे शिकलो ते बहुतेक तिच्यातूनच.

काही वर्षांपूर्वी उपवासकाळातील एका महिला सभेसाठी मी बथशेबेच्या मुखाने कविता लिहिली. स्तोत्र ५१ मध्ये दावीद पश्चात्ताप करतो, तर तिनेही करावा असे मला वाटले. माझ्या कवितेत बथशेबा गच्चीवर उभी होती, राजवाड्याच्या सज्जाकडे पाहत होती, आणि आपल्या रूपाच्या गर्वाबद्दल क्षमा मागत होती. शब्द बरे जमले होते. बायका शांतपणे ऐकत होत्या. सभा संपल्यावर, चटया गुंडाळता गुंडाळता, लोकांच्या घरी भांडी घासून संसार चालवणारी एक बहीण मला म्हणाली, “भाऊ, राजाचा निरोप आल्यावर ‘मी येत नाही’ असं म्हणता येत होतं का तिला?” एवढेच. पुढे ती काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. पण ती हे कोणत्या अनुभवाने विचारते आहे ते तिच्या चेहऱ्यावर होते.

घरी येऊन मी २ शमुवेल अकरावा अध्याय पुन्हा उघडला. तीस वर्षे ज्या भाषेत मी काम करतो त्या भाषेतला तो उतारा! गच्चीवर ती नव्हती. गच्चीवर दावीद होता. ती कोठे स्नान करीत होती हे शास्त्र सांगतच नाही. तिला पाहणारा तो, चौकशी करणारा तो, दूत पाठवणारा तो. दूत पाठवून त्याने तिला ‘घेतले’, असे मूळ क्रियापद आहे. आणि पुढच्या अध्यायात नाथानाच्या दाखल्यातला धनवान मनुष्य गरिबाची मेंढी घेतो, तेथे तेच क्रियापद आहे. राजा तुमचे हे घेईल, ते घेईल, असे शमुवेलाने लोकांना १ शमुवेल ८ मध्ये बजावले होते, तेथेही तेच. संपूर्ण अकराव्या अध्यायात बथशेबा एकदाच बोलते, तेही निरोपाने: आपण गरोदर आहोत. इब्रीत हे अवघे दोन शब्द आहेत. अध्यायाच्या शेवटी तिचा शोक आहे, आणि जी गोष्ट परमेश्वराला वाईट वाटली ती दावीदाने केलेली होती, असे स्पष्ट लिहिले आहे. तिच्या पश्चात्तापाचा तेथे मागमूस नाही. तो मी माझ्या पदरचा तिच्या तोंडी घातला होता. योवाबाने तकोवाच्या बाईच्या मुखात शब्द घातले, पण त्या बाईला निदान समोर उभे राहून ते उच्चारण्याचे कबूल तरी होते!

कविता फाडून टाकावी असे वाटले. मग वाटले की बथशेबेचे पुढचे बोलणे तरी आपण वाचले आहे काय? १ राजे पहिल्या अध्यायात ती पुन्हा येते, आणि येथे ती मूक नाही. मरणोन्मुख राजापुढे उभी राहून ती शपथेची आठवण देते आणि आपल्या मुलासाठी राज्य मागते. त्या खोलीत आणखी एक मुलगी आहे. अबीशग शुनेमकरीण. म्हाताऱ्या राजाला ऊब यावी म्हणून सर्व इस्राएलात शोधून आणलेली सुंदर कुमारी. बथशेबा आत जाते तेव्हा अबीशग राजाची सेवा करीत असते, असे पंधरावे वचन सांगते. ती दोघींना समोरासमोर आणून ठेवते आणि त्यांच्यात एकही शब्द होत नाही. दुसऱ्या अध्यायात शलमोन आईसाठी आपल्या उजवीकडे आसन मांडवतो, आणि त्याच प्रसंगी अबीशगला पुन्हा एकदा कोणीतरी मागतो, तिला न विचारता.

कवितेचा श्रोता मला तेथे सापडला. बथशेबा कोणाशी बोलेल? देवाशी बोलेल हे खरे. पण कवितेत तिने या मुलीशी बोलावे. नव्या कवितेचा आरंभ असा झाला:

अबीशग, ऐक. मलाही आणलेच होते.
पाणी अजून केसांतून निथळत होते
तेव्हा दूत आले.
राजाचे नाव त्यांनी मोठ्याने घेतले,
माझे कोणी घेतले नाही.
घरधनी लढाईवर. दाराला कडी होती;
राजाच्या निरोपाला कडी लागत नाही.

या ओळी थोर नाहीत. त्या येथे दिल्या त्या कामाची रीत दिसावी म्हणून. निथळते केस, कडी, मोठ्याने घेतलेले नाव हे माझ्या कल्पनेचे आहे, शास्त्रात नाही. पण शास्त्राशी त्याचे भांडणही नाही. स्नान तेथे आहे, दूत तेथे आहेत, नवऱ्याची लढाई तेथे आहे. नाव न घेण्याची कल्पना तर शास्त्रानेच सुचवली: अकराव्या अध्यायाच्या शेवटी ती ‘उरीयाची बायको’ आहे, आणि मत्तयाच्या वंशावळीतही तेवढीच. शास्त्र जेथे गप्प आहे तेथे कवीने कल्पना चालवावी. जेथे ते बोलले आहे तेथे त्याच्याविरुद्ध बोलू नये. माझी पहिली कविता याच कसोटीला उतरली नव्हती, आणि कवितेच्या दृष्टीनेही ती खोटीच होती, कारण तिच्यात कोणी कोणाशी बोलत नव्हते. गच्चीवर उभी राहून एक बाई हवेला आपले मन सांगत होती.

नाट्यछटेने मराठीला शिकवलेली मोठी गोष्ट हीच आहे, की बोलणाऱ्यासमोर कोणीतरी हवा. त्या दुसऱ्या माणसाचे बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, पण बोलणारा मध्येच थांबतो, उत्तर देतो, चिडतो, सारवासारव करतो, आणि त्यातून दोघेही दिसू लागतात. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी पात्र निवडणे पुरेसे नाही. पात्राच्या आयुष्यातील कोणती घटका, आणि समोर कोण, हे ठरल्याशिवाय लेखणी उचलू नये. ‘मी पेत्र बोलतो आहे’ यात काही नाही. नाकारल्यावर, कोंबडा आरवल्यावर, पुनरुत्थानाच्या आधीच्या शनिवारी, घरी बायकोशी बोलणारा पेत्र (त्याला सासू होती, तेव्हा बायको होतीच) हा मनुष्य आहे.

प्रमुख पात्रांपेक्षा कडेला उभा असलेला साक्षीदार पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. ब्राउनिंगने लाजराच्या उठण्यावर कविता लिहिली ती लाजराच्या किंवा मार्थेच्या तोंडची नव्हे. कार्शिश नावाच्या एका काल्पनिक अरब वैद्याने आपल्या गुरूला लिहिलेले पत्र आहे ते. त्याला बेथानीत हा विचित्र रोगी भेटतो, तो त्याला वेड्यात काढू पाहतो, औषधी वनस्पतींच्या गोष्टी सांगून विषय बदलतो, आणि पुन्हा तेथेच येतो. विश्वासाच्या उंबरठ्यावर अडखळणारा माणूस ऐकताना श्रोता स्वतः तो उंबरठा ओलांडू लागतो. आपल्या मंडळ्यांतल्या कवितांत बहुतेक पात्रे पहिल्याच कडव्यात पूर्ण विश्वासू होतात. तेथेच कविता संपते, फक्त म्हणणारा आणखी चार मिनिटे बोलत राहतो.

एक पात्र मी टाळतो, ते म्हणजे प्रभू येशू स्वतः. भाषांतरकाराची ही सवय असेल; त्याच्या मुखात शुभवर्तमानाबाहेरचा शब्द घालायला हात धजत नाही. जुन्या उपासनाविधीत उत्तम शुक्रवारी ख्रिस्त आपल्या लोकांना जाब विचारतो असे गायिले जाते, रोमानोसानेही त्याला बोलते केले, तेव्हा हा नियम मी इतरांवर लादीत नाही. दुसरी सावधगिरी मात्र सर्वांना सांगेन. पिलाताच्या वाड्यासमोरच्या जमावाच्या तोंडून लिहिताना ‘आम्ही यहूदी’ असे लिहू नका. बोलणाऱ्याला नाव द्या, धंदा द्या, त्या सकाळी तो तेथे का आला ते सांगा. एका संपूर्ण समाजाला खुनी ठरवणाऱ्या उत्तम शुक्रवारच्या बोलण्यांनी युरोपात शतकानुशतके काय घडवले ते इतिहासात आहे.

येथे एक अवघड प्रश्न येतो, आणि तो मी गुळमुळीत सोडणार नाही. दुसऱ्याचा ‘मी’ उसना घेण्याचा अधिकार कोणाला? एकनाथांनी ब्राह्मण असून महाराच्या तोंडचे जोहार लिहिले. सोळाव्या शतकात ते धाडस होते, आणि त्यांच्या जोहारात तो महार वेदान्त सांगतो. पण आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आणि मराठवाड्यातील आपल्या असंख्य कुटुंबांचे पूर्वज गावाबाहेरच्या वस्तीत राहून खरोखरीचा जोहार घालीत होते. त्यांच्या नातवंडांच्या कानाला ते भारूड निराळे लागते. चोखोबांचा अभंग त्यांना निराळा लागतो, कारण तेथे ‘मी’ उसना नाही. दोन्ही आपल्या परंपरेत आहेत, आणि त्यांतला फरक ऐकू येणे हे आपल्या कानाचे शिक्षण आहे.

उसना ‘मी’ घेऊच नये असे मात्र मला म्हणवत नाही. शिकागोत नावारूपाला आलेल्या पॅट्रिशिया स्मिथ या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री काळ्यांचा द्वेष करणाऱ्या एका गोऱ्या तरुणाच्या तोंडून कविता म्हणतात. तो द्वेष त्यांच्याच मुखातून, त्यांच्याच देहासमोर बाहेर पडतो, आणि श्रोत्याला पळायला जागा राहत नाही. २००८ साली त्यांनी कॅटरिना वादळावर एक संपूर्ण संग्रह लिहिला. त्यात वादळ स्वतः बोलते, आणि एका कवितेत पुरात सोडून दिले गेलेले वृद्धाश्रमातील चौतीस जण एकेक करून बोलतात. तेथे दुसरे कोणी बोलणार नव्हते, कारण ते सारे बुडून गेले होते. माझ्यासारख्या पुरुषाने बथशेबेचा ‘मी’ घ्यावा काय? मी तो घेतला, चुकलो, आणि एका बाईने सुधारला. तेव्हापासून अशी कविता सभेत म्हणण्यापूर्वी, ज्याचे दुःख तिच्यात आहे तसे दुःख माहीत असणाऱ्या एखाद्या व्यक्तीला ती मी एकान्तात वाचून दाखवतो. त्या व्यक्तीने नको म्हटले तर ती कविता वहीत राहते. अशा दोन कविता माझ्या वहीत आहेत.

आता म्हणण्याविषयी थोडेसे. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, आणि आपल्याला वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकण्याची खोड आहे. सामान्य बोलण्यात याने बिघडत नाही. पात्रमुखी कवितेत बोलणारा पुरुष की स्त्री, ते घडले की घडायचे आहे, हे सारे त्या शेवटच्या अक्षरात असते. ते गिळले की मागच्या बाकावरच्या आजींना ‘कोण बोलतंय?’ असे शेजारणीला विचारावे लागते. श्वास क्रियापदापर्यंत राखून ठेवा. दगडी मंदिरात आवाज घुमतो, तेथे आणखी सावकाश. पुरुषाने स्त्रीपात्र म्हणताना आवाज बारीक करू नये, मान वेळावू नये; ‘मी आले’ हे शब्द आपल्या नेहमीच्या आवाजात सरळ म्हटले की पुरे, श्रोते उरलेले काम करतात. बोलीचा विचार करा. वऱ्हाडातली बहीण ‘मी गेली’ म्हणते. ती जर हागारेची कविता म्हणणार असेल तर तिला ‘गेले’ शिकवू नका. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद येथील मंडळ्यांची मराठी पुण्याच्या मराठीसारखी नाही, आणि तकोवाची बाईही यरुशलेमेच्या दरबारची भाषा बोलत नसावी.

कागद हातात असला तरी चालेल, पण पहिल्या चार ओळी आणि शेवटच्या दोन पाठ असाव्यात. वेष शक्यतो नको. चादरी पांघरून केलेली नाताळची सोंगे आपण पुष्कळ पाहिली आहेत. एखादी खरी वस्तू, म्हणजे पाण्याचा तांब्या किंवा रिकामी टोपली, अधिक बोलते. चार मिनिटांच्या वर जाऊ नये. उपासनेत कविता म्हणायची असेल तर मूळ उतारा आधी दुसऱ्या कोणीतरी शास्त्रातून वाचावा, म्हणजे देवाचे वचन कोणते आणि आमच्या बापू किंवा सुमनची कविता कोणती याविषयी लहान मुलाच्याही मनात घोटाळा होणार नाही. आणि कविता संपल्यावर लगेच टाळ्या, लगेच गीत असे करू नका. पाळकांना आधी सांगून अर्धा मिनिट मौन मागून घ्या.

अभ्यासासाठी योहानाचा अठरावा अध्याय घ्या. मुख्य याजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान पेत्र बागेत छाटतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण सव्विसावे वचन पाहा: त्याच रात्री, अंगणात, पेत्राला तिसऱ्यांदा प्रश्न विचारणारा मनुष्य मल्खाचा नातलग आहे. तोही बागेत होता. थंडी आहे, कोळशांचा विस्तव पेटला आहे, आणि ज्याने आपल्या माणसावर तलवार चालवली तो समोर शेकत उभा आहे. लूकाच्या सांगण्यावरून तो कान बरा झालेला आहे, म्हणजे पुराव्याला जखमही उरलेली नाही. त्या नातलगाने प्रश्न विचारला, नकार ऐकला, कोंबडा आरवला. तो पहाटे घरी जातो. मल्ख जागाच आहे आणि सारखा कानाला हात लावून पाहतो आहे. नातलग त्याच्याशी काय बोलेल? वीस ओळींत लिहा, आणि पहिल्या क्रियापदाआधी त्याने पायातले जोडे काढले की नाही हे ठरवून घ्या.